कॅनडाला व्हाया चुडावा

कॅनडाला जायचं असेल तर आधी सेलूला जावं लागतं, मग चुडाव्याला आणि मग परभणीला, हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळलं. नकाशात ही वाट सापडायची नाही. आम्ही नवरा-बायकोनं ती एका आठवड्यात पार केली. परत येऊन दुकानाचं शटर उघडलं तेव्हापासून जो येतो तो साखर-चहापत्ती बाजूला ठेवून तेच विचारतो. म्हणून एकदाचं लिहून काढतोय, म्हणजे माझा घसा वाचेल आणि ज्यांची लेकरं परदेशात आहेत त्यांना थोडी कल्पनाही येईल.

वालूर, रविवार

वालुरात माझं किराणा दुकान आहे. आमची एकुलती एक लेक अश्विनी लग्नानंतर कॅनडात, कॅलगरी नावाच्या शहरात गेली. मार्चमध्ये तिचं पहिलं बाळंतपण. आपल्याकडे पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी येते, आई तिला डिंकाचे लाडू खाऊ घालते आणि बाप उगाच अंगणात येरझाऱ्या घालतो. पण अश्विनीची डॉक्टर तिला विमानात बसू देईना. मग माहेरानंच विमानात बसायचं, असं ठरलं.

तिकडच्या सरकारनं आई-वडिलांसाठी आणि आजी-आजोबांसाठी लांब मुदतीचा एक वेगळाच व्हिसा ठेवला आहे. एकदा गेलं की सलग पाच वर्षांपर्यंत राहता येतं. हे मी दुकानात सांगितलं आणि पंचाईत करून घेतली. 

"पाच वर्षं? मग आमदारच झालाव की तुमी आप्पा," असं एक जण म्हणाला. दुसऱ्यानं तर दुकान कुणाला देणार तेही विचारून टाकलं. आम्हाला राहायचं होतं सहा-आठ महिने, पण घाईघाईनं परतायची टांगती तलवार नको, म्हणून जावयानं हाच व्हिसा घ्यायला लावला. निमंत्रणाचं पत्र, पगाराचे कागद, आमचा विमा, सगळं त्यानं तिकडे बसून जमवलं. उरली फक्त आमची वैद्यकीय तपासणी. ती ठरावीक डॉक्टरांकडेच चालते. पुण्यातली शनिवारची वेळ मिळाली होती. ती हुकली तर पुढची महिन्यानंतर, आणि मग मार्चच्या आत व्हिसा येईल याची कुणी खात्री देईना.

रविवारी पुण्याहून त्या दवाखान्यातल्या मुलीचा फोन आला. "छातीचा एक्स-रे आहे. गळ्यातलं सगळं काढावं लागेल," एवढं बोलून तिनं फोन ठेवला. मी ते तसंच्या तसं महानंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं.

आम्ही लिंगायत. आमच्यात इष्टलिंग गळ्यात असतं. लहानशी चांदीची डबी, तिच्यात दगडी लिंग, आणि ती डबी अडकवलेली दोऱ्यात. जन्मल्यावर बांधतात आणि मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नसतं. मी खरं सांगतो, पोती उचलताना दोरा तुटतो अशी सबब सांगून मी माझं पूजेनंतर देवघरात ठेवतो. महानंदा तसली नाही. तिचं लिंग तिच्या अंगावेगळं झालेलं मी चौतीस वर्षांत पाहिलेलं नाही.

"मंगळसूत्र काढते," ती म्हणाली. "ते तुमच्या नावाचं हाय. हे काढणार न्हाई."

समोर तेल घ्यायला आलेल्या बाईनं पदर तोंडाला लावला.

"मग तपासणी कशी व्हायची?"

"न्हाई झाली तर तुमी एकटे जा."

"मी जाऊन बाळंतपण करू?"

"शिका की. आजून दीड महिना हाय."

हसण्यावारी नेलं खरं, पण तिचा चेहरा मला माहीत आहे. लेकीकडे जायला ती जितकी उतावीळ होती तितकीच ती डबी न काढण्यावर ठाम होती. या दोन्ही गोष्टी एका बाईत मावेनात आणि ते बघणारा नवरा मी. मग मी म्हटलं, उद्या स्वामींना विचारू.

सेलू, सोमवार

सकाळच्या एसटीनं सेलूला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी पोटऱ्यातून बाहेर पडलेली, कापसाच्या शेवटच्या वेचणीला बाया वाकलेल्या. खिडकीशी बसून महानंदा अख्खा वेळ डबीवर बोटं ठेवून होती, कुणी हिसकावून नेणार असल्यासारखी.

मठातले स्वामी नव्वदीच्या घरातले. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात जाडाभरडा स्वेटर, कानानं जरा कमी. मी सगळी हकिकत ओरडून सांगितली. मठात आलेल्या आणखी चार माणसांनाही त्यामुळे ती आयती कळली. स्वामींनी डोळे मिटले. मला वाटलं, आता काहीतरी वाट निघणार.

"अंगावरून काढायचं न्हाई," ते म्हणाले.

"हौ स्वामी, पण कॅनडा..."

"कॅनडात काढायचं न्हाई. इथंबी काढायचं न्हाई."

"मग यावर इलाज काय?"

"इलाज डॉक्टरला विचारा. मी स्वामी हाव."

महानंदाच्या चेहऱ्यावर परीक्षेत पहिला नंबर आल्याचा आनंद. मी मात्र मठाच्या पायरीवर बसून बूट घालताना मनातल्या मनात स्वामींशी भांडत होतो. बाहेरच्या हॉटेलात आम्ही गरम भजी खाल्ली. ती फार छान होती हे कबूल करायला मला अर्धी बशी लागली. तेवढ्यात मला दुसरी युक्ती सुचली. महानंदा जगात एकाच माणसाचं ऐकते, तिच्या थोरल्या भावाचं. तो चुडाव्याला असतो.

चुडावा, मंगळवार आणि बुधवार

रात्र मठात काढून सकाळी सेलूहून पॅसेंजरनं परभणी, पूर्णा आणि पुढे चुडावा. प्रवास सोपा आहे, माणसानं तोंड बंद ठेवलं तर. मी समोरच्या बाकावरच्या दोघांना व्हिसा समजावून सांगायला घेतला. त्यातल्या एकाचा पुतण्या ऑस्ट्रेलियात होता, दुसऱ्याला सगळ्याच देशांबद्दल शंका होत्या. आई-वडिलांना पाच वर्षं ठेवून घेणारं सरकार चांगलं की लबाड, यावर डब्यात दोन तट पडले. मी चांगलंच्या बाजूनं बोलत होतो आणि रंगात आलो होतो. महानंदा मला कोपरानं ढोसत होती. मला वाटलं, जास्त बोलू नका म्हणतेय. ती म्हणत होती, चुडावा गेलं.

पुढच्या स्टेशनात उतरून एका टेम्पोत, फ्लॉवरच्या गोण्यांवर बसून, आम्ही उलटे आलो. त्या वाटेत ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. चालवणाऱ्यानं मात्र विचारलं, "पाहुणे कुठलं गाव?" आणि मी पुन्हा सुरुवात करणार तोच तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी फक्त "वालूर" म्हणालो.

मेहुणे रेल्वेतून निवृत्त झालेले. स्वभावानं खटक्यावर बोट ठेवणारे. वहिनींनी ज्वारीची भाकरी, हिरव्या तुरीच्या दाण्यांची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी असं जेवण केलं. आमच्या वालूरच्या घरी या आमटीत कोथिंबीर जास्त असते, इथे लसूण जास्त. दोन तालुक्यांत एवढा फरक, मग कॅनडात काय खायला मिळणार, या विचारानं मी एक भाकरी जास्तच खाल्ली.

रात्री मेहुण्यांनी निकाल दिला. "काढ की गं महानंदे! माजी नोकरीतली तपासणी झाली तवा मी खिशात ठेवलं होतं. पाच मिंटं. काय झालं? काय वीज पडली का माज्यावर?"

मी मनात म्हटलं, जिंकलो.

"दादा, तुजं तुज्यापाशी," महानंदा म्हणाली आणि ताट बाजूला सारून उठली. मेहुणे माझ्याकडे बघायला लागले. "दाजी, ही लहानपणापासून अशीच हाय. आमी तुमाला लग्नात सांगाया पायजे होतं."

बुधवारी सकाळी त्यांनी आम्हाला शेतात नेलं. हुरडा अजून पुरता भरला नव्हता, पण बांधालगतची काही कणसं कोवळी दाणेदार झाली होती. गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजली, मेहुण्यांनी ती हातावर चोळली आणि गरम गरम हिरवे दाणे आमच्या तळहातावर ओतले. सोबत गूळ आणि लसणाची चटणी. थंडीचे दिवस, कोवळं ऊन, अंगाला धुराचा वास. अशा जागी माणसाला कुठल्याच देशाचा व्हिसा नको वाटतो.

तेवढ्यात अश्विनीचा व्हिडिओ फोन आला. तिच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. तिनं खिडकीतून बाहेरचा बर्फ दाखवला, मग कॅमेरा खाली करून पोट दाखवलं. वहिनींनी लगेच दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली. अश्विनीला सगळा घोळ जावयाकडून कळला होता, कारण मी जावयाला रोज रिपोर्ट देत होतो.

"आई, तू नको काढू," ती म्हणाली. "मी करीन काहीतरी. इथे बाळंतिणीच्या मदतीला बाया मिळतात. खरंच. तू काळजी करू नको."

तिनं आग्रह केला असता, रडली असती, तर महानंदानं वाद घातला असता. पण लेकीनं असं समजूतदारपणे सोडून दिलं आणि महानंदाचा हुरडा हातातच राहिला. फोन बंद झाल्यावर ती बांधावर बसून रडली. भावासमोर, वहिनीसमोर. "परकी बाई लेकराला पयली आंघोळ घालणार का?" एवढंच ती म्हणत होती. मला तिचा राग आला होता, तो कुठे गेला कळलं नाही. मला एकदम वाटलं, मी तीन दिवस हिचं मन वळवायला फिरतोय. त्याऐवजी ते मशीन वळतंय का, ते कुणीच विचारलं नाही.

परभणी, गुरुवार

म्हणून माझ्या डोक्यात रंगीत तालमीची कल्पना आली. पुण्याला जाण्याआधी परभणीतच एक छातीचा फोटो काढून बघायचा, डबीसकट. डबी दिसली तर दिसली, कदाचित बाजूला दिसेल, कदाचित तेवढी चालत असेल. महानंदाला हे पटलं, कारण यात काही काढायचं नव्हतं.

परभणीत एका गल्लीत एक्स-रेचं छोटं केंद्र सापडलं. तिथे सुजाता नावाची तिशीतली मुलगी फोटो काढायचं काम करत होती. टेबलावर लहानशी बुद्धाची मूर्ती, शेजारी जेवणाचा डबा. बोलण्यावरून मी ओळखलं, पूर्णा तालुक्यातलीच असणार. विचारलं तर खरंच तशी निघाली, चुडाव्याशेजारच्या गावची. मग अर्धा तास आमच्या ओळखी निघाल्या.

मी माझी योजना सांगितली. ती ऐकून घेत होती आणि तिच्या भुवया वर वर चालल्या होत्या.

"काका, तुमाला खोकला हाय का?"

"न्हाई."

"मावशीला?"

"तिलाबी न्हाई."

"मग उगं फोटो काढत नसतेत. ते किरण असतेत, लग्नातले फोटो न्हाईत. डॉक्टरची चिठ्ठी आना." एवढं बोलून तिनं खुर्ची ओढली आणि महानंदाकडे वळली. "मावशी, तुमचं खरं काय हाय ते सांगा."

मी सांगायला तोंड उघडलं, तिनं हात वर करून मला थांबवलं. महानंदानं स्वतः सांगितलं. डबी, दोरा, स्वामी, लेक, शनिवार. माझ्यापेक्षा चौपट कमी शब्दांत.

सुजातानं तिला उठवलं आणि मशीनच्या फळीसमोर उभं केलं. मशीन बंदच होतं. "हनुवटी इथं वर ठेवा. छाती फळीला चिकटवा. आता दोनी हात मागं, कमरंवर. कोपरं म्होरं काढा. हां, अशा." महानंदा भांडायला उभी राहिल्यासारखी दिसत होती, आणि ते तिला शोभत होतं.

"आता सांगा मावशी, फोटोत काय येतंय?"

"छाती."

"अन् हात?"

महानंदा हलली नाही. फळीला चिकटून तशीच उभी राहिली. मग तिचा डावा हात कमरेवरून हळूच पुढे आला आणि ती आपल्या उघड्या तळहाताकडे बघायला लागली.

"अव्हो," ती मला म्हणाली, "रोज सकाळी पूजंत ते माज्या हातातच असतंय की."

आता हे वाचणाऱ्यांना सांगायला हवं. आमच्या पूजेत लिंग डबीतून काढून डाव्या तळहातावर घेतात आणि त्याची पूजा करतात. तळहातावर म्हणजे अंगावरच. चौतीस वर्षं रोज सकाळी मी ही बाई समोर अशी बसलेली पाहतो. तिनं स्वतः तर जन्मभर तेच केलं. स्वामींनी तर नव्वद वर्षं केलं असेल. आणि आम्ही सगळे मिळून गळा, गळा करत अर्धा जिल्हा हिंडलो. आम्हाला हे सुचलं नाही याची मला भयंकर लाज वाटली आणि त्याहून जास्त हसू आलं. सुजातालाही आलं.

"मूठ घट धरायची बगा," ती म्हणाली. "अन् फोटो काढताना श्वास रोखायचा. तिथला माणूस काय म्हणंल ते मातर मला सांगता यायचं न्हाई."

ते शेवटचं वाक्य आमच्याबरोबर घरापर्यंत आलं. शुक्रवारी महानंदानं सराव केला. डाव्या मुठीत लिंग धरून तिनं उजव्या हातानं चहा केला, दार उघडलं, शेजारणीला विरजण दिलं. मी दर तासाला म्हणायचो, "श्वास रोख," आणि ती म्हणायची, "तुमीच रोखा, तेवढीच शांतता."

पुणे, शनिवार

पुण्याबद्दल फार लिहीत नाही, तिथे सगळे जाऊन आलेत. दवाखाना चकचकीत, बसायला मऊ खुर्च्या, आणि आमच्यासारखीच कितीतरी जोडपी. कुणाचा मुलगा, कुणाची मुलगी, कुणाचं नातवंड. सगळ्यांच्या मांडीवर कागदांची एकसारखी फाइल. वालुरात मी एकटाच कॅनडाला चाललेला मोठा माणूस होतो, इथे मी टोकन नंबर होतो.

महानंदाचं नाव पुकारलं. आधी तिनं मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं. मग पाठ फिरवून डबी उघडली, लिंग मुठीत घेतलं, रिकामी डबी आणि दोरा माझ्याकडे दिला. दारातल्या तरुणानं तिची मूठ पाहिली.

"आजी, हातात काय आहे?"

मी पुढे सरसावलो. सुजाताचा वर आलेला हात आठवला आणि गप्प बसलो.

"देव हाय," महानंदा म्हणाली. "अंगावेगळा करत न्हाई मी. हात कमरंवर ठेवते. फोटोत येणार न्हाई."

त्यानं पुन्हा तिच्या मुठीकडे पाहिलं. सेलू, चुडावा, परभणी, लेकीचं ते समजूतदार बोलणं, सगळं त्या पोरग्याच्या एका मानेवर येऊन ठेपलं होतं.

"धातू आहे का?"

"न्हाई. ते सगळं ह्यांच्यापाशी हाय."

"मग घट्ट धरा आजी. पडू देऊ नका," तो म्हणाला आणि तिला आत घेऊन गेला. दारावरचा लाल दिवा लागला. मी बाहेर उभा, एका हातात मंगळसूत्र, एका हातात डबी, आणि श्वास मीही रोखला होता.

ती बाहेर आली तेव्हा मूठ तशीच मिटलेली होती. कोपऱ्यात जाऊन म्हणाली, "डबी उगडा अन् दोरा बांधा. माजा एक हात गुतलाय." लग्नानंतर तिच्या गळ्यात मी काही बांधायची ही पहिलीच वेळ. डबी पुढे केली, तिनं मूठ उघडली.

तळहात घामानं भिजला होता आणि त्यावर दोन लिंगं होती. एक तिचं. दुसरं लहान, चिंचोक्याएवढं, नवंकोरं.

"हे कुणाचं?"

"हळू बोला. बाळाचं हाय. स्वामींनी दिलं सेलूला, तुमी भाईर बूट घालत होताव तवा."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुमाला सांगितलं असतं तर पॅसेंजरच्या सगळ्या डब्याला कळलं असतं. जल्माच्या आधी लेकराचं कुणी बोलत असतंय का?"

"मग आत कामून नेलंस?"

तिनं ते पिल्लू पदराच्या टोकाला बांधलं, गाठ दोनदा आवळली. "ज्याच्यासाठी जायलोत, त्याला बाहेर ठिऊन मी एकटी कशी पास होऊ?"

मी दोरा बांधला. मंगळसूत्र तिनंच घालून घेतलं.

सतराव्या दिवशी व्हिसा आला, दोघांचाही. विमानाची तिकिटं निघाली आहेत, दुकान भाचा बघणार आहे आणि डिंकाचे लाडू बॅगेत बसत नाहीत म्हणून घरात वाद चालू आहे. हे सगळं मी लिहून महानंदाला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, कागद माझ्या हातातून काढून घेतले आणि स्वतःच्या पिशवीत ठेवले. आता ते आमच्याबरोबर कॅनडाला येणार आहेत. बाळ सुखरूप येऊन त्याच्या गळ्यात दोरा बांधून होईपर्यंत यातलं एक अक्षरही छापायला द्यायचं नाही, असा हुकूम आहे.

तेव्हा तुम्ही हे वाचत असाल, तर समजा, दोरा बांधून झाला.